राजेश्वरीचं शहर

कुंभारवाडा, ता. जोयडा
१० ऑक्टोबर २०२४

राजेश्वरी,

तुझं पत्र झिलूनं परवा आणून दिलं. टपालाचा थैला घेऊन तो दोन दिसांतनं एकदा येतो, आमच्या वाडीपर्यंत चढायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. पण तुझं पत्र असलं की येतो बापडा.

स्नेहाला येत्या जूनपासून तिकडच्या शाळेत घालते म्हणून लिवलंस. वाचलं. तू तिची आई, मी अज्जी. न्हाई म्हणायचा मला हक्क न्हाई. पण माझा लेक विनोद गेल्याला अडीच वर्सं झाली, त्यातलं दीड वर्स तू तिकडं हाईस, आणि ती पोरगी रोज माझ्या कुशीत निजतीया. म्हणून मी इचारणार.

ते शहर कसलं हाय? गावात सगळ्यांस्नी सांगितलंस पुण्याला हाय म्हणून. पाकिटावर पत्ता लिवतीस चिखलीचा. मग पुणं खरं का चिखली खरी? पाणी कुटनं येतं? आजारी पडलं तर जायचं कुटं? तू कारखान्यात गेलीस की पोरीपाशी कोण? शेजार कसला? सगळं लिव. फोन नको. रेंज टेकडीवर जाऊन धरावी लागती, आणि फोनवर तू नुसतं व्हय व्हय म्हणतीस. कागदावर खोटं बोलायला माणसाला येळ लागतो.

स्नेहा बरी हाय. शाळा चांगली चाललीया. भात पिवळं पडलं, डुकरं येतात, चंद्रा राखणीला जातो. माझा दीर म्हणून न्हाई सांगत, पण ह्या वर्साला तो नसता तर मला जमलं नसतं.

खाली स्नेहानं आपलं नाव लिवलंय.

पुतळी


चिखली, पिंपरी-चिंचवड
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्ती, पाया पडते.

स्नेहाचं नाव वाचून ते पत्र मी दोनदा कपाळाला लावलं. अक्षर अजून तसंच वाकडं आहे, पण दुसरीतली पोर म्हणजे चालायचंच.

तुम्ही विचारलंत ते सगळं सांगते. हे पुणं नव्हे. पुणं आमच्या शेजारी आहे. आमच्या शहराचं नाव पिंपरी-चिंचवड. पुण्याची माणसं ह्याला पुणं म्हणत नाहीत, आणि इथली माणसं गावाकडं गेली की पुण्यालाच असतो म्हणून सांगतात. मीही तेच केलं. आता करणार नाही. हे शहर स्वतःच्या नावानं सांगण्यासारखं आहे.

आधी ही नुसती गावं होती. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी. पन्नास-पंचावन्न वर्षांमागं ह्या चार गावांची मिळून एक पालिका झाली, मग कारखाने वाढले, माणसं आली, आणि आजूबाजूची गावं एकेक करून आत घेतली. चिखली त्यातलीच. आपल्या सगळ्या जोयडा तालुक्यात जेवढी माणसं असतील, तेवढी इथं एकेका वॉर्डात राहतात. पण गावं मेली नाहीत, आत्ती. उंच बिल्डिंगांच्या मधून एक गल्ली आत वळते आणि एकदम मारुतीचं देऊळ लागतं, तालीम लागते, दारात बांधलेली म्हैस लागते. तिथली म्हातारी माणसं अजून विचारतात, कुठल्या आळीची तू?

सगळ्या जागा वेगळ्या आहेत. निगडीला प्राधिकरणाचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, दोन्ही बाजूंना झाडं, घरांना सेक्टरचे नंबर. भोसरीला गेलं की गल्लीगल्लीत लेथचा आवाज आणि तेलाचा वास. पिंपरीत सिंध्यांचा मोठा बाजार, लग्नाचं सगळं तिथं मिळतं. वाकडकडं काचेच्या इमारती, तिथली पोरं गळ्यात पट्टे घालून फिरतात. चिंचवडला पवनेच्या काठी गणपतीचं मोठं देऊळ आहे, संध्याकाळी तिथल्या पायऱ्यांवर बसलं की बरं वाटतं. सकाळी साडेसहाला सगळ्या चौकांत माणसं डबे घेऊन कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असतात. थरमॅक्स चौकात तर सव्वासातनंतर पाय ठेवायला जागा नसते, आणि मोशीकडून येणारा रस्ता सोमवारी अर्धा तास हलत नाही.

वाईट तेही लिहिते. पाणी एक दिवसाआड येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात. इंद्रायणीवर फेस येतो, आपल्या काळी नदीत हात बुडवून पाणी प्यालेल्या माणसाला ते बघवत नाही. उन्हाळ्यात खोली तापते. पहिले चार महिने मला कुणी ओळखून हाक मारली नाही.

आता शेजार. घरमालकीण अनुसयाबाई लातूरकडच्या, पंचवीस वर्षांमागं नवऱ्यासोबत आल्या. खालच्या खोलीत जळगावचं कुटुंब, वर बिहारची दोन माणसं. इथलं मूळचं कोण असं कुणी विचारत नाही, म्हणून मलाही कुणी परकी म्हणत नाही. पालिकेची मराठी शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. दवाखाना दहा मिनिटांवर. शाळा सुटल्यावर मी येईपर्यंत स्नेहा अनुसयाबाईंकडं बसेल, त्यांची नात तिच्याच वयाची आहे.

माझं काम ठीक चाललंय. कारखान्यात पॅकिंग, दुसरं काय.

तुमची
राजेश्वरी


कुंभारवाडा
१९ नोव्हेंबर २०२४

राजेश्वरी,

भात घरात आलं. म्हणून उत्तराला उशीर.

तुझं पत्र मी चार येळा वाचलं. मराठी शाळेत चौथीपर्यंतच शिकले म्हणून काय झालं, वाचता येतं मला. पॅकिंग करणारी बाई सकाळी कारखान्यात शिरती आणि सांजच्याला बाहेर येती. तिला निगडी ठाऊक, भोसरी ठाऊक, वाकड ठाऊक, कुटल्या चौकात सव्वासातनंतर काय होतं ते ठाऊक, सोमवारी कुटला रस्ता हलत न्हाई ते ठाऊक. हे कसं?

मी सांगते कसं. तुला कुणीतरी गाडीवरनं फिरवतंय.

रागानं लिवत न्हाई. तू अठ्ठावीस वर्सांची हाईस. विनोद परत येणार न्हाई. तुला दुसरं लगीन करायचं असंल तर कर, मी आडवी पडणार न्हाई, पण मला उघड सांग. रामनगरच्या बाबुरावचं दुकान हाय बग, त्याचा माल पुण्याकडनं येतो, तो तिकडं जाऊन-येऊन असतो. तो चंद्राला म्हणाला, तुमची सून आता तिकडचीच झाली. काय म्हणून म्हणाला ते सांगंना. नुसता हसला.

पोरीला मी असल्या घरात पाठवणार न्हाई जिथला माणूस मी बघितला न्हाई. एवढंच सांगते. माणूस कोण हाय, काय करतो, ते लिव. मग बघू.

पुतळी


चिखली
८ डिसेंबर २०२४

ती. आत्ती,

माणूस नाही. कुणी नाही. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग पुष्कळ वेळ रडले, आणि मग ठरवलं की आता खरं लिहायचं.

मला कुणी फिरवत नाही, आत्ती. मीच फिरवते. मी बस चालवते. शहराची मोठी बस, चाळीस माणसं बसायची, तेवढीच उभी. निगडी ते भोसरी आणि परत, दिवसाला सहा फेऱ्या. बाबुरावांनी मला तिथंच बघितलं असणार.

कारखान्याचं सांगितलं ते पहिले आठ महिने खरं होतं. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या लावायच्या. मग एका बायकांच्या संस्थेनं मोठी गाडी शिकवायचा वर्ग काढला. साहेबांनी विचारलं, आधी काही चालवलंय का? मी म्हटलं, जीप. कुठं? म्हटलं, अणशीच्या घाटात. ते हसले. मग मैदानात एक फेरी घ्यायला लावली आणि हसायचे थांबले. आमच्या वर्गात अकराजणी होत्या, परवाना मला सगळ्यांत आधी मिळाला. जुलैपासून कामावर आहे.

तुम्हाला का सांगितलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. स्नेहाच्या बाबांची जीप घाटात उलटली त्या दिवसापासून तुम्ही आपल्या अंगणात गाडी उभी राहू दिली नाहीत. चंद्राकाकांची मोटारसायकलसुद्धा ओढ्यापाशी ठेवायला लावलीत. मी चाक हातात धरलंय हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पण आत्ती, मला चालवायला त्यांनीच शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गणेशगुडीच्या रस्त्यावर. तुम्हाला वाटायचं आम्ही बाजाराला जातो. ते म्हणायचे, वळणावर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, आधीच सावकाश व्हायचं. मी रोज ते वाक्य मनात म्हणून गाडी सुरू करते. त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं आणि त्यावर मी उभी आहे. मला ते सोडायचं नाही. तुम्ही सांगितलंत तरी सोडणार नाही, हे आत्ताच लिहिते, म्हणजे पुन्हा खोटं बोलायची वेळ नको.

रागवा. पण उत्तर पाठवा.

राजेश्वरी


चिखली
३० जानेवारी २०२५

ती. आत्ती,

पन्नासहून जास्त दिवस झाले. संक्रांतीचं पत्रसुद्धा आलं नाही. टेकडीवरून चंद्राकाकांचा फोन आला होता, ते म्हणाले, वहिनी बऱ्या आहेत, पोर बरी आहे, पण तुझं नाव काढलं की उठून गोठ्यात जातात.

मी पुन्हा माफी मागणार नाही. खोटं बोलल्याची मागते. गाडी चालवते त्याची नाही.

शाळेत स्नेहाचं नाव घालायला दाखला लागेल. तेवढा तिच्या बाईंकडून मागून ठेवा.

राजेश्वरी


कुंभारवाडा
३ मार्च २०२५

राजेश्वरी,

मी येतीया. स्नेहाला घेऊन. चंद्रा लोंढ्याला रेल्वेत बसवून देईल. सतरा तारखेला पुण्याला उतरते, तिथनं घेऊन जा.

सुट्टी काढू नको. तू घरात पोरीचे लाड करत बसलेली मला बघायची न्हाई. तू कामावर जात असतीस तशी जा.

पुतळी


चिखली
२ एप्रिल २०२५

ती. आत्ती,

तुम्ही सुखरूप पोचलात हे चंद्राकाकांनी कळवलं. सहा दिवस राहिलात आणि स्नेहाला घेऊन परत गेलात. स्टेशनवर मी विचारलं, काय ठरवलंत? तुम्ही म्हणालात, "घरी जाऊन सांगते." घर रिकामं झाल्यापासून मला खोलीत राहवत नाही. एक जादा फेरी मागून घेते.

खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही शहर बघून घाबराल. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी अनुसयाबाईंना घेऊन भाजी मंडईत गेलात आणि कणगाचे कंद विकणाऱ्याला सांगितलंत की ही माती बरी नव्हे, ह्याला आमच्याकडची माती पाहिजे. तो अजून मला विचारतो, त्या मावशी परत कधी येणार? पिंपंसुद्धा तुम्ही माझ्याआधी उठून भरून ठेवत होतात. फक्त माझ्या कामाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. डब्यात भाकरी घालून द्यायचात आणि तोंड फिरवायचात.

आता एक विचारायचंय. माझ्या गाडीवर पार्वतीताई कंडक्टर असतात. त्या काल जेवताना म्हणाल्या, "तुला सांगायचंच राहिलं. वीस तारखेला आपल्या गाडीत एक म्हातारी बसली होती. खांद्यावर गाठ मारलेलं आखूड लुगडं, गळ्यात काळ्या मण्यांच्या माळा, बरोबर एक लहान पोरगी. मागच्या दारानं चढली. भोसरीला उतरेना, परतीचं तिकीट मागितलं. निगडीला उतरेना, पुन्हा तिकीट मागितलं."

त्याच दिवशी एका मोटारसायकलवाल्यानं आडवी घातली होती आणि मला ब्रेक जोरात दाबावा लागला होता. उभी माणसं पुढं कलंडली, पडलं कुणी नाही. मागून एकजण ओरडला, "बाई चालवतीये म्हटल्यावर हेच होणार!" ते मी ऐकलं होतं. रोज एखादा म्हणतोच. पुढचं मला ऐकू आलं नव्हतं, ते पार्वतीताईंनी सांगितलं. ती म्हातारी उठून उभी राहिली म्हणे आणि त्याला म्हणाली, "व्हय रे, बाईच चालवतीया. म्हणून तर तो गाडीवाला जित्ता हाय. तुला घाई असंल तर उतर आणि पळत जा." सगळी बस हसली. तो पुढच्या थांब्याला खरंच उतरला.

आपल्याकडच्यासारखं लुगडं नेसणारी बाई ह्या शहरात मी दुसरी बघितली नाही.

आत्ती, त्या तुम्हीच ना? मग घरी येऊन काही बोलला का नाहीत?

राजेश्वरी


कुंभारवाडा
२० एप्रिल २०२५

राजेश्वरी,

व्हय, मीच.

अनुसयाबाईनं थांब्यापर्यंत आणून सोडलं. तिला म्हटलं, पोरीला बस दाखवते. मागनं चढले, कारण तुला दिसायला नको हुतं. पोरीलाबी बजावलं, आईला सांगायचं न्हाई. तुला कळलं असतं तर तू मला दाखवायला चालवली असतीस. मला तुझं रोजचं चालवणं बघायचं हुतं.

पहिल्या फेरीला दोन्ही हातांनी दांडा धरून बसले. डोळं मिटलं. विनोदची जीप डोळ्यांपुढं यायची. स्नेहा म्हणाली, "अज्जी, डोळं उघड, आई चालवतीया." उघडलं. दुसऱ्या फेरीला तो ओरडणारा भेटला, त्याचं तू ऐकलंसच. त्याच फेरीला एक काठीवाला म्हातारा रस्ता वलांडत हुता. मागच्या गाड्या भोंगं वाजवत हुत्या, तू हलली न्हाईस. त्याचा पाय पलीकडं टेकला तेव्हाच निघालीस. तवा मला कळलं, ही घाईची न्हाई.

आणि तिसऱ्या फेरीला मला झोप लागली. खरं सांगते. स्नेहानं हलवून उठवलं. राजेश्वरी, माझ्या पोराच्या जीपमदी मी बारा वर्सं बसले, पण एक दिस डोळा लागला न्हवता. त्याला वेग आवडायचा. तू ते पत्रात लिवलं न्हाईस, त्याचा चांगला शब्द तेवढा लिवलास. सावकाश व्हायचं हे तो तुला शिकवायचा, स्वतः करायचा न्हाई. मी आई हाय, मला ठाऊक हाय. इतकी वर्सं मी गाडीवर राग धरून बसले, कारण मेलेल्या लेकावर राग धरवत न्हाई.

घरी येऊन बोलले न्हाई ते यासाठी की माझंबी एक खोटं हुतं आणि ते पोटात ठेवून तुला शाबासकी देणं मला जमेना. आता लिवते.

स्नेहा शाळेत जात न्हाई. गेल्या जूनपासनं. आमच्या वाडीची शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली. खालच्या शाळेला रानातनं चार किलोमीटर, वाटेत अस्वल दिसलेलं. पहिलं पंधरा दिस मी पोचवलं, मग लावणी आली, मग राहिलं. तुला लिवलं असतं तर तू त्याच दिवशी येऊन पोरीला नेली असतीस. म्हणून शाळा चांगली चाललीया असं लिवत गेले, पोरीलाबी तसंच सांगायला शिकवलं. तू दाखला मागितलास तवा ते पत्र मी तांदळाच्या डब्यात दडवलं. तिचं अक्षर वाकडं हाय म्हणालीस ना? वाकडं न्हाई, ते गेल्या वर्सी राहिलं तिथंच राहिलंय. तिचं एक वर्स मी खाल्लं. तिकडं शाळेपुढनं जाताना ती दारात उभी राहून आतल्या पोरांचं पाठांतर ऐकायची आणि ओठ हलवायची. ते बघितलं आणि त्याच दिवशी माझं ठरलं. फक्त तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं न्हाई.

तर जूनच्या पहिल्या तारखेला चंद्रा तिला घेऊन येतो. तिला दुसरीतच बसव, लाज वाटून घेऊ नको. दिवाळी आणि मे माझा. आले हुते तवा मला तिकडं राहा म्हणालीस, ते जमायचं न्हाई. शहर मला आवडलं. तिथं माणूस एकटा असला तरी कामाला लागतो, आणि सगळीच कुटनं ना कुटनं आलेली, त्यामुळं कुणी नाक मुरडत न्हाई. पण माझी कणगं मातीत हाईत. पोर गेल्यावर घर मोकळं वाटंल, वाटू दे.

अजून एक काम केलं. शुक्रवारी जोयड्याच्या कचेरीत गेले. आपल्या शेताच्या पहाणीत, तिकडं सातबारा म्हणतात त्यात, अजून विनोदचंच नाव हुतं. चंद्रा म्हणत हुता, वहिनी, तुमचं एकटीचं घाला, सून आज हाय, उद्या न्हाई. मी म्हटलं, तीन नावं घालायची, माझं, राजेश्वरीचं, स्नेहाचं. अर्ज दिला. तुझी सही लागंल, चंद्रासंगं कागद पाठवते.

कचेरीतला माणूस कानडीत इचारायला लागला, सून कुटं असती? म्हटलं, पिंपरी-चिंचवडात. तो म्हणाला, म्हणजे पुण्याला. म्हटलं, न्हाई, पुणं वेगळं, पिंपरी-चिंचवड लिवा. मग म्हणाला, काय करती? म्हटलं, बस चालवती. त्यानं मान वर करून बघितलं. म्हणाला, अज्जी, हे लिवायला कागदात जागा न्हाई.

मी म्हटलं, मग बाजूला लिवा.

त्यानं लिवलं. त्याच्याकडनं वाचून घेतलं, मग उठले.

पुतळी